राजीनामा झाला, हिशेबाचे काय?

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

'राजीनामा' हा शब्द आपल्या या अंकाच्या दोन्ही विभागांच्या ओळखीचा आहे. मराठीत राजीनामा, कन्नडात राजीनामे. शेवटच्या एका स्वराचा काय तो फरक! वर्तमानपत्र कोणत्याही भाषेतले उघडा, कोणी ना कोणी कोणाचा तरी राजीनामा मागतच असतो. ज्याच्याकडे मागतात तो आधी 'देणार नाही' म्हणतो, मग एके दिवशी देतो, फटाके वाजतात आणि प्रकरण मिटते. या 'मिटण्या'बद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत. उदाहरण घेणार आहे ते जगातील फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या 'फिफा' या संस्थेचे. पण त्याआधी एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा अधिकार मला पोचत नाही.

गोष्ट २०२२च्या पावसाळ्यातली. मी पी. यू. सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या भागातील एक मंडळ पावसाळ्यात फुटबॉलच्या स्पर्धा भरवते. बेळगावात पाऊस आणि फुटबॉल यांचे नाते जुने. अंगाला चिखल लागल्याशिवाय आपण खेळलो असे येथे कोणाला वाटतच नाही. 'कॉमर्सचा पोरगा आहे, हिशेब लिहील' म्हणून वही माझ्याकडे आली. संघांची प्रवेश फी, दुकानदारांची वर्गणी, मैदानाचा खर्च, पंचांचा चहा असे सगळे मी लिहीत गेलो. स्पर्धा संपली आणि वही मिळवायला बसलो, तर ११,६०० रुपयांचा पत्ता लागेना. अंतिम सामना हरलेल्या संघाला, जवळच्या एका खेड्यातल्या पोरांना, चषक मिळाला होता; जाहीर केलेले रोख बक्षीस मात्र 'मागाहून देऊ' असे सांगून त्यांना टेम्पोत बसवले होते.

मग काय, बोभाटा झाला. देवळाच्या सभामंडपात सभा भरली. 'अध्यक्षांनी राजीनामा द्यावा' असा गलका झाला. अध्यक्ष अर्धा तास घुम्यासारखे बसून राहिले, मग उठले आणि म्हणाले, "दिला." टाळ्या पडल्या. शिट्टी वाजवणाऱ्यांत मीही होतो. दुसऱ्या दिवशी मी खजिनदारकाकांकडे पावतीपुस्तके मागायला गेलो, तर ते म्हणाले, "अरे, माणूसच गेला. आता पावत्या कशाला उकरतोस? वार्षिक सभेपुढे जमाखर्च ठेवायचा आहे, तेवढा जुळवून दे."

आणि मी जुळवून दिला. 'किरकोळ खर्च – रु. ११,६००'. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली. खाली अक्षर माझे आहे, आजही आहे.

फिफाचा इतिहास वाचताना काकांचे ते वाक्य माझ्या कानांत सारखे घुमत होते. 'माणूसच गेला, आता पावत्या कशाला?' युरोपातल्या पंचतारांकित हॉटेलांत, कोट टाय घातलेल्या माणसांनी हेच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले आहे. भाषा तेवढी भारदस्त होती.

फिफाची स्थापना १९०४ साली पॅरिसमध्ये सात देशांनी केली. आज तिचे मुख्यालय स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे आहे आणि २११ देशांच्या वा प्रदेशांच्या संघटना तिच्या सभासद आहेत. त्यांच्या सभेला 'काँग्रेस' म्हणतात आणि तीत प्रत्येक सभासदाला एक मत असते. मधल्या पायरीवर सहा खंडीय महासंघ आहेत. विश्वचषकाचे प्रक्षेपणाचे आणि जाहिरातीचे हक्क विकून फिफाला मिळणारी रक्कम आपल्या कल्पनेपलीकडची आहे. २०१९ ते २०२२ या चार वर्षांत ती साडेसात अब्ज डॉलरच्या घरात गेली. गोल एक चेंडू, पण त्याच्या मागे धावणारे सगळेच काही अर्ध्या चड्डीतले नसतात!

२७ मे २०१५च्या पहाटे झुरिकमधील 'बाऊर ओ लाक' या हॉटेलात स्विस पोलीस शिरले आणि काँग्रेससाठी जमलेल्या सात पदाधिकाऱ्यांना त्यांनी खोल्यांतून ताब्यात घेतले. त्याच दिवशी अमेरिकेच्या न्यायखात्याने चौदा जणांविरुद्ध सत्तेचाळीस कलमांचे आरोपपत्र उघड केले. चोवीस वर्षांत पंधरा कोटी डॉलरहून अधिक लाच दिली घेतली गेली, असे त्यात म्हटले होते. जगभर एकच हाक उठली: अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी राजीनामा द्यावा. युरोपीय महासंघाचे अध्यक्ष मिशेल प्लाटिनी यांनी समक्ष भेटून तो मागितला. आणि अवघ्या दोन दिवसांनी, २९ मे रोजी, काय झाले? निवडणूक झाली. ब्लाटर यांना १३३ मते, जॉर्डनचे राजपुत्र अली यांना ७३. ब्लाटर पाचव्यांदा अध्यक्ष झाले.

त्यानंतर चार दिवसांनी, २ जून रोजी, ब्लाटर यांनी पद सोडण्याचा मनोदय जाहीर केला. पुन्हा टाळ्या. महिना संपायच्या आत ते म्हणू लागले की मी राजीनामा दिलेलाच नाही, पद काँग्रेसच्या हाती सोपवले आहे इतकेच. ऑक्टोबरमध्ये कोका-कोला, मॅकडोनल्ड्स, व्हिसा आणि बडवायजर या पुरस्कर्त्या कंपन्यांनी 'ताबडतोब पायउतार व्हा' असे जाहीरपणे सांगितले, तरी ते हलले नाहीत. शेवटी फिफाच्याच नीती समितीने त्यांना आधी निलंबित केले आणि मग बंदी घातली.

येथवरची हकिकत वाचून आपल्याला वाटते की खलनायक सापडला, तो गेला, पडदा पडला. पण मित्रहो, खुर्चीवरचा माणूस गेल्याने खुर्ची स्वच्छ होते का? याचे उत्तर अमेरिका खंडांतील तीन संघटनांत मिळते.

उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन देश यांच्या महासंघाचे अध्यक्ष त्रिनिदादचे जॅक वॉर्नर होते. २०११ साली पोर्ट ऑफ स्पेन येथे कॅरिबियन संघटनांच्या प्रतिनिधींना प्रत्येकी चाळीस हजार डॉलरची पाकिटे वाटली गेल्याचे प्रकरण बाहेर आले. चौकशी सुरू झाली आणि जून महिन्यात वॉर्नर यांनी फुटबॉलमधील सर्व पदांचा राजीनामा दिला. फिफाने काय केले? ते आता आमचे राहिले नाहीत, सबब चौकशी बंद. त्यांच्या निर्दोषत्वाचे गृहीतक कायम, असे पत्रक काढले. म्हणजे राजीनामा ही शिक्षा झाली नाही, ती सुटकेची पावती झाली! पुढच्याच वर्षी ते आपल्या देशाचे सुरक्षामंत्री झाले.

त्यांच्या जागी २०१२ साली केमन बेटांचे जेफ्री वेब निवडून आले. सुधारक म्हणून त्यांचे कौतुक झाले. २०१५च्या त्या पहाटे हॉटेलातून नेलेल्या सातांपैकी ते एक होते आणि पुढे त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्या जागी होंडुरासचे अल्फ्रेडो हाविट आले. डिसेंबर २०१५मध्ये त्यांनाही अटक झाली. झुरिकमध्येच, आणि हॉटेलही तेच! दक्षिण अमेरिकेच्या महासंघात लेओझ, फिगेरेदो आणि नापू असे पाठोपाठचे तीन अध्यक्ष आरोपी झाले. ब्राझीलच्या संघटनेत तैशेरा, मारिन आणि देल नेरो असे तीन. तीन खुर्च्या, नऊ माणसे. यांतील लेओझ आणि तैशेरा यांनी अटकसत्राच्या आधीच प्रकृतीचे कारण सांगून राजीनामे दिले होते. राजीनामे भरपूर होते हो, कमी होत्या त्या कबुल्या.

याहून बोलके उदाहरण खुद्द फिफाच्या माजी अध्यक्षांचे. ब्राझीलचे जुआंव अवेलांज १९७४ ते १९९८ अशी चोवीस वर्षे अध्यक्ष होते. विश्वचषकाच्या हक्कांचा व्यापार करणारी 'आय.एस.एल.' नावाची स्विस कंपनी २००१ साली बुडाली आणि तिच्या दिवाळखोरीच्या कागदांतून लाचेच्या नोंदी निघाल्या. २०१२ साली न्यायालयीन कागदपत्रे उघड झाली, तेव्हा अवेलांज यांना किमान पंधरा लाख आणि वर उल्लेखिलेल्या तैशेरा यांना किमान सव्वा कोटी स्विस फ्रँक मिळाल्याचे जगाला कळले. अशी व्यापारी लाच त्या काळच्या स्विस कायद्याने गुन्हाच ठरत नव्हती. एप्रिल २०१३मध्ये अवेलांज यांनी सन्माननीय अध्यक्षपद सोडले आणि फिफाच्या नीती समितीच्या न्यायाधीशांनी निर्णय दिला की त्यांनी पद सोडलेले असल्याने पुढील कारवाईची गरज उरलेली नाही. खजिनदारकाका, ऐकताय ना?

आता मी कॉमर्सचा विद्यार्थी असल्यामुळे मला पडलेला प्रश्न निराळाच होता. या संस्थांना लेखापरीक्षक नव्हते काय? फिफाचे हिशेब 'के.पी.एम.जी.' ही जगातील अग्रगण्य कंपनी १९९९पासून तपासत होती. ताळेबंद मिळत होता, सह्या होत होत्या. मग चोरी दिसली का नाही?

समजा, आमच्या मंडळाला मैदानाभोवती फलक लावण्याचे हक्क विकायचे आहेत. एक दुकानदार त्यासाठी दहा हजार द्यायला तयार आहे. मंडळाचा पदाधिकारी त्याला म्हणतो, "सहा हजारांना देतो, दोन हजार मला दे." दुकानदाराचे दोन हजार वाचले, पदाधिकाऱ्याला दोन मिळाले. मंडळाच्या वहीत 'फलक हक्क – रु. ६,०००' अशी स्वच्छ नोंद झाली, पावती फाडली, पैसे बँकेत भरले. आता जगातला कोणताही हिशेबनीस बोलवा, वहीत खोट सापडणार नाही. जो पैसा जमेला आलाच नाही त्याची तूट ताळेबंदात कशी दिसणार? अमेरिकेच्या आरोपपत्रातला मुख्य प्रकार हाच आहे. दक्षिण अमेरिकेची 'कोपा अमेरिका' किंवा उत्तरेचा 'गोल्ड कप' यांसारख्या स्पर्धांचे हक्क मधल्या दलाल कंपन्या घेत, ते पुढे विकत आणि हक्क देणाऱ्या पदाधिकाऱ्यांचे हात ओले करत. ब्राझीलमधील 'ट्रॅफिक' या कंपनीचे मालक जोझे अविला यांनी गुन्हा कबूल केला आणि पंधरा कोटी दहा लाख डॉलर सरकारजमा करण्याचे मान्य केले. चोरी तिजोरीतून झाली नव्हती, ती तिजोरीच्या वाटेवर झाली होती.

दुसरा प्रकार याहून साधा, आमच्या मंडळासारखा. वॉर्नर यांच्या महासंघाने त्रिनिदादमध्ये फुटबॉलचे एक मोठे केंद्र बांधले. सुमारे दोन कोटी साठ लाख डॉलर खर्ची पडले. २०१३ साली महासंघानेच नेमलेल्या समितीने शोधून काढले की ज्या जमिनीवर ते उभे आहे ती वॉर्नर यांच्या कंपन्यांच्या नावावर आहे, आणि महासंघाचे हिशेब तपासणारा लेखापरीक्षकही स्वतंत्र नव्हता. सरचिटणीस चक ब्लेझर हे तर दहा टक्के दलाली घेत. पुढे त्यांनी कर चुकवल्याचेही कबूल केले. तळे राखील तो पाणी चाखील असे आपण म्हणतो, पण येथे तळेच राखणाऱ्याच्या नावावर झाले होते.

मग सभासद गप्प का बसले? याचे उत्तर मताच्या व्यवस्थेत आहे. ब्राझीलला एक मत आणि पाच हजारांच्या आसपास वस्तीच्या माँटसेरात बेटालाही एक मत. ही व्यवस्था वाईट आहे असे मी म्हणणार नाही. १९७४ साली विश्वचषकात सोळा संघ होते आणि त्यांत आफ्रिकेचा एकच. त्या वर्षी गरीब देशांच्या मतांवरच अवेलांज यांनी इंग्रज अध्यक्ष सर स्टॅन्ली राऊस यांना हरवले आणि १९८२पासून चोवीस संघ झाले. दुर्बळाच्या हाती एक मत असणे ही लोकशाहीच आहे. पण त्याच मताला मागाहून किंमत चिकटली. १९९९च्या सुमारास प्रत्येक संघटनेला दरवर्षी अडीच लाख डॉलर देण्याची योजना सुरू झाली. मैदाने व्हावीत, मुले खेळावीत, हा हेतू उत्तमच. पण पैसा वाटणारा अध्यक्ष, आणि त्याला मत देणारा तोच पैसा घेणारा! खर्चाची विचारपूस कडक केली तर मते जातात, सैल सोडली तर येतात. हा व्यवहार समजायला बी. कॉम. व्हावे लागत नाही. अटकेनंतर दोन दिवसांनी १३३ मते का पडली, हे कोडे मला तरी येथे सुटले.

आता राजीनाम्याची दुसरी बाजू सांगतो. मला ती सर्वांत जास्त खटकली. या साऱ्या काळात काही राजीनामे अगदी वेळेवर, कोणी न मागता दिले गेले. ते कोणाचे, ठाऊक आहे? हिशेब मागणाऱ्यांचे! २०१८ आणि २०२२च्या विश्वचषकांचे यजमानपद रशिया आणि कतार यांना कसे मिळाले, याची चौकशी अमेरिकन वकील मायकल गार्सिया यांनी केली. त्यांच्या चारशेंहून अधिक पानांच्या अहवालाचा त्रोटक गोषवारा तेवढा प्रसिद्ध झाला, तोही अपुरा आणि चुकीचा असल्याचे सांगून त्यांनी डिसेंबर २०१४मध्ये पद सोडले. मूळ अहवाल जगाला वाचायला मिळाला जून २०१७मध्ये. फिफाच्या हिशेब समितीचे अध्यक्ष दोमेनिको स्काला यांनी मे २०१६मध्ये राजीनामा दिला, कारण स्वतंत्र समित्यांच्या माणसांना काढून टाकण्याचा अधिकार कार्यकारी परिषदेने स्वतःकडे घेतला. पुढच्याच महिन्यात के.पी.एम.जी.नेही काम सोडले. ज्यांनी जायचे ते खुर्चीला चिकटले आणि ज्यांनी राहायचे ते निघून गेले. घरातून चोर जावा म्हणून आरडाओरडा करावा आणि राखणदारानेच घोंगडी झाडून निघावे, त्यातली ही गत!

फेब्रुवारी २०१६मध्ये जियानी इन्फान्तिनो नवे अध्यक्ष झाले. अध्यक्षाला बारा वर्षांहून अधिक काळ राहता येऊ नये, असा नियमही त्याच वेळी झाला. २०१९ आणि २०२३ साली इन्फान्तिनो बिनविरोध निवडून आले. २०१६ ते २०१९ ही वर्षे मोजायची नाहीत असे ठरल्यामुळे ते २०३१पर्यंत राहू शकतात. संघटनांना मिळणारे अनुदान आता चार वर्षांना ऐंशी लाख डॉलरपर्यंत गेले आहे. या अध्यक्षांवर मी कोणताही आरोप करीत नाही. मी एवढेच म्हणतो की माणूस बदलला, देणारा हात आणि घेणारे मत यांचे नाते होते तसेच आहे.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, नाहीतर मीही सभामंडपातल्या गर्दीसारखा होईन. प्लाटिनी यांनी ब्लाटर यांचा राजीनामा मागितला, आणि त्याच वर्षी उघड झाले की २०११ साली ब्लाटर यांच्या फिफाने प्लाटिनी यांनाच वीस लाख फ्रँक दिले होते. कशाचे? तर आठ-नऊ वर्षांपूर्वी संपलेल्या सल्लागाराच्या कामाचे, तोंडी कराराने ठरलेले मानधन! नीती समितीने दोघांवर बंदी घातली. परंतु फौजदारी न्यायालयाने २०२२ साली आणि पुन्हा वरच्या न्यायालयाने मार्च २०२५मध्ये दोघांनाही निर्दोष सोडले. तेव्हा या व्यवहाराबद्दल त्यांना गुन्हेगार म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण दुहेरी नोंद पद्धतीचा पहिला धडा शिकलेला पोरगाही विचारील: देणे होते, तर ते त्याच वर्षी लेखी का नव्हते? चार ओळींचा कागद असता तर दोन माणसांची दहा वर्षे वाचली असती. हिशेब हा केवळ चोराला पकडण्यासाठी नसतो, सज्जनाला वाचवण्यासाठीही असतो.

आपल्या देशाकडे वळू. ज्या पावसाळ्यात मी 'किरकोळ खर्च' लिहीत होतो, त्याच पावसाळ्यात फिफाने भारताला निलंबित केले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२०मध्ये संपली होती, पण घटनेचा वाद न्यायालयात असल्याने निवडणूक झाली नाही आणि कारभार तसाच चालू राहिला. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कार्यकारिणी दूर करून तीन सदस्यांची प्रशासक समिती नेमली. फिफाने याला बाहेरचा हस्तक्षेप ठरवले आणि ऑगस्टच्या मध्यास निलंबनाचा हुकूम आला. ते अकरा-बारा दिवसांत, २६ ऑगस्टला, उठले. २ सप्टेंबरला निवडणूक झाली आणि कल्याण चौबे यांनी माजी कर्णधार भाईचुंग भुतिया यांना ३३ विरुद्ध १ मताने हरवले.

अकरा-बारा दिवस म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण गोकुळम केरळचा महिला संघ त्या वेळी आशियाई क्लब स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात, ताश्कंदला, पोचलेला होता. त्या मुलींना न खेळता परत यावे लागले. ऑक्टोबरमधील सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही हातचा जायचा होता. तो वाचला म्हणून आपल्या शेजारी, चोर्ला घाट उतरून गेल्यावर, मडगावच्या फातोर्डा मैदानावर त्याचे सामने झाले. सरकारने खेळात लुडबुड करू नये हा फिफाचा नियम रास्त आहे. पण हिशेब विचारायला आलेला प्रत्येकजण 'बाहेरचा' ठरू लागला, तर आतल्यांना विचारणार कोण? आणि भांडण पदाधिकाऱ्यांचे, पण सामान बांधून परतायचे ते खेळाडूंनी!

मग राजीनामा मागूच नये की काय? अवश्य मागावा. संशयित माणूस कपाटाच्या किल्ल्या घेऊन बसलेला असताना चौकशी होत नाही, हे कोणीही मान्य करील. परंतु मागणीचा क्रम उलटा झाला आहे. आधी वह्या ताब्यात घ्याव्यात, मग किल्ल्या, मग राजीनामा. हिशेब तपासणारा माणूस, ज्याचा हिशेब तपासायचा त्याने नेमलेला किंवा काढता येण्याजोगा नसावा. पद सोडले म्हणून चौकशी थांबू नये. आणि चौकशीचा अहवाल, बरा असो वा वाईट, सर्वांना वाचायला मिळावा. 'राजीनामा द्या' ही घोषणा सोपी आहे, तिला ताल आहे. 'व्हाउचर दाखवा' या घोषणेला ताल नाही, पण भ्रष्टाचार हीच घोषणा ऐकून घाबरतो. लोकांनी ताल तेवढा धरला आणि व्हाउचर सोडले, हे पोर्ट ऑफ स्पेनपासून आमच्या गल्लीपर्यंत सगळीकडे सारखेच झाले.

आता घरची गोष्ट पुरी करतो. अंतिम सामना हरलेल्या त्या संघाचा गोलरक्षक आता आमच्याच महाविद्यालयात आहे. आमच्या शेजारच्या वर्गात बसतो, कन्नड विभागासाठी कविता लिहितो. ओळख पटली तेव्हापासून कँटीनमध्ये भेटला की तो हसत हसत म्हणतो, "लेक्क कोडप्पा!" म्हणजे 'हिशेब दे रे बाबा!' त्याचा विनोद असतो. माझ्या घशात मात्र चहा अडकतो. त्यांच्या संघातील पोरांनी बक्षिसाच्या भरवशावर उसने पैसे घेऊन बूट घेतले होते, हे मला त्याच्याकडूनच कळले. मी लिहिलेल्या 'किरकोळ' या शब्दात त्यांचे बूट होते.

यंदा मंडळाने वही पुन्हा माझ्याकडे दिली. जुनी पावतीपुस्तके मी पुन्हा मागितली, मिळाली नाहीत. माजी अध्यक्षांनी पैसे घेतले की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि पावत्यांशिवाय कळणारही नाही. म्हणजे ते दोषी असतील तर सुटले आणि निर्दोष असतील तर उगाच बदनाम झाले. दोन्ही पाप त्या एका ओळीचे. तेव्हा नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी लिहिले: '२०२२ची रु. ११,६०० ही रक्कम किरकोळ खर्च नसून हिशेब न मिळालेली रक्कम आहे. उपविजेत्या संघाचे बक्षीस देणे बाकी.' खाली सही केली. सभेत ते पान वाचून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. काही जण उठून गेले, काकांनी चष्मा पुसला. पण एकाने मागून विचारले, "बाकी म्हणजे नेमके किती?"

मला वाटते, सुरुवात या प्रश्नापासून होते.